बत्तीस जणांत एकटा हात: पुण्याच्या म्युनिसिपालिटीतले जोतीराव फुले

कन्हेरी असो, काटेवाडी असो, नाहीतर इंदापूरच्या पार शेवटच्या टोकाचं गाव असो. 11 एप्रिल आला की ग्रामपंचायतीत, शाळेत, सोसायटीत एक फोटो भिंतीवरनं खाली उतरतो. पुसला जातो, हार घातला जातो, मोबाईलवर दोन फोटो निघतात, स्टेटसला पडतात. फोटोतला माणूस पागोटं घातलेला, उपरणं घेतलेला. महात्मा जोतीराव फुले. मुलींची शाळा काढली, सत्यशोधक समाज काढला, एवढं पोरंसुद्धा घडाघडा सांगतात.

पण हाच माणूस पुण्याच्या म्युनिसिपालिटीत सहा-सात वर्षं सभासद होता, धरणाला दगड पुरवणारा ठेकेदार होता, आणि सरकारी पैशाचा हिशेब मागताना कुणाची भीड ठेवत नव्हता, हे फारसं कुणी सांगत नाही. आपल्या भागाला जास्त लागू पडणारे फुले ते हेच आहेत. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

खानवडीचं घराणं

फुल्यांचं घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं, कटगुणचं. आडनाव गोऱ्हे. पणजोबा गावचे चौगुले. चरित्रकार सांगतात की गावच्या कुलकर्ण्याचा जाच इतका वाढला, की एक दिवस भांडण टोकाला गेलं आणि पणजोबांच्या हातून कुलकर्ण्याचा खून झाला. घर सोडून ते आले ते आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, खानवडीला. तिथून आजोबा शेटीबा पुण्याला गेले. फुलांचा धंदा सुरू झाला आणि आडनाव पडलं फुले.

गावचं दप्तर ज्याच्या हातात, त्याच्या हातात गाव. ही गोष्ट या घरात तीन पिढ्या आधीपासून माहीत होती. जोतीरावांचा जन्म पुण्यात 1827 सालचा. आई चिमणाबाई लहानपणीच गेली. वडील गोविंदराव. शाळा मध्येच सुटली, पुन्हा सुरू झाली, मिशनच्या शाळेत इंग्रजी झालं. 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा, 1852 मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारनं केलेला सत्कार, 1868 मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. ते इथं लांबवत नाही.

पोटापाण्याला मात्र हा माणूस नोकरीवर नव्हता. त्यानं धंदा केला. ओतकामाचे साचे विकण्याची एजन्सी घेतली, पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत भाग घेतला, सरकारी बांधकामाचे ठेके घेतले. खडकवासल्याचं धरण बांधलं जात होतं, त्याला दगड पुरवण्याचं काम फुल्यांकडे होतं. येरवड्याच्या पुलाच्या कामातही त्यांचा हात होता.

जरा थांबून विचार करा. खडकवासल्याचा कालवा आज दौंडवरनं इंदापूर तालुक्यापर्यंत येतो. आवर्तन सुटलं की शेवटच्या चारीवर पाणी पोचतं का, यावरनं दरवर्षी ओरड होते. त्या धरणाच्या कामाला दगड पुरवणाऱ्यांतला एक माणूस पुढं जाऊन नेमका हाच प्रश्न पुस्तकात लिहून ठेवतो, की धरण झालं, कालवा झाला, पण शेतकऱ्याच्या वावरात पाणी गेलं का?

आता कुणी म्हणेल, ठेकेदार माणूस, तो काय सरकारी पैशाचा हिशेब मागणार? शंका रास्त आहे. आज ठेकेदार आणि सदस्य एकच झाला, की गावाला वेगळाच वास येतो. पण फुल्यांच्या बाबतीत उलटं झालं. इंजिनिअर खात्यात काम कसं चालतं, मोजमाप कसं लिहिलं जातं, बिल कुणाच्या टेबलावर अडतं, हे त्यांनी आतून बघितलं. जे बघितलं ते झाकून ठेवलं नाही. पुढं त्यांच्या लिखाणात सरकारी खात्यांबद्दल जी नेमकी माहिती येते, ती या अनुभवातून आली असणार, असं वाचताना सारखं वाटतं.

पाण्याचा हिशेब

1873 साली गुलामगिरी हे पुस्तक आलं. लोक ते धर्म आणि जात यांवरचं पुस्तक म्हणून ओळखतात, ते खरंच आहे. पण त्यात म्युनिसिपालिटीवरही लिहिलंय. शहरातल्या वरच्या वस्तीत पाणी मुबलक, गरिबांच्या वस्तीत टंचाई, अशी ती तक्रार. पट्टी सगळ्यांकडून घेता, मग नळ ठराविक आळीतच का? असा त्याचा रोख. हे त्यांनी लिहिलं तेव्हा ते म्युनिसिपालिटीत नव्हते. तीन वर्षांनी, 1876 मध्ये, सरकारनं त्यांनाच सभासद नेमलं.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. तेव्हा निवडणूक नव्हती, सभासद सरकार नेमायचं. म्हणजे ज्याच्या मेहेरबानीनं खुर्ची मिळाली त्याच्याच विरोधात बोलायचं तर खुर्ची पणाला लावूनच बोलावं लागायचं. शिवाय धंदाही सरकारी ठेक्याचा.

फुले सभासद झाले ते साल नेमकं दुष्काळाचं. 1876-77 चा तो दुष्काळ आपल्या भागातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गोष्टींत अजून असतो. सोलापूर, पुणे, सातारा, नगर, सगळा पट्टा होरपळला. जनावरं मेली, माणसं गाव सोडून पुण्या-मुंबईकडे निघाली. फुले आणि सावित्रीबाईंनी सत्यशोधक मंडळींना घेऊन मदत गोळा केली. धनकवडीला दुष्काळातल्या पोरांसाठी आश्रम चालवला, त्यासाठी जोतीरावांनी लोकांना जाहीर आवाहन केलं. सावित्रीबाई त्या दिवसांत जुन्नर-ओतूर भागात होत्या आणि तिथली हालत पत्रांतून कळवत होत्या. दुष्काळी कामाची मजुरी, अन्नाचं वाटप, सावकाराची पिळवणूक हे सगळं या दोघांनी जवळून बघितलं.

त्यानंतरची गोष्ट. व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. लाटसाहेब येणार म्हटल्यावर शहर सजवायला हवं, कमानी हव्यात, रोषणाई हवी. त्यासाठी म्युनिसिपालिटीच्या तिजोरीतून हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव सभेपुढं आला. तेव्हाचे हजार रुपये म्हणजे फार मोठी रक्कम. फुल्यांचं म्हणणं असं होतं, की हा पैसा पट्टी भरणाऱ्यांचा आहे, तो पाहुण्याच्या स्वागताला उधळण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा. प्रस्ताव मताला टाकला. सभासद बत्तीस. विरोधात हात एकच.

ठराव अर्थातच मंजूर झाला. आपल्याकडं ग्रामसभेला बसलेल्यांना हे काही नवीन नाही. ठराव वाचला जातो, सगळे मान डोलावतात, सह्या होतात. त्यात एकट्यानं हात वर करायचा म्हणजे पुढं वर्षभर चावडीवर कोण बोलेल, कोण टाळेल, हे आधी मनात यायला लागतं. फुल्यांच्या बाबतीत तर समोर सभासदांतले बडे लोक होते, सरकारी अधिकारी होते. त्या हाताचा ठरावाला काही फरक पडला नाही, हेही खरंच.

दारूच्या दुकानांचंही तसंच. 1880 च्या आसपास पुण्यात दारूची दुकानं वाढत चालली. सरकारला अबकारीचं उत्पन्न हवं होतं. फुल्यांनी म्युनिसिपालिटीत पत्र दिलं. शहराच्या आरोग्यासाठी गटारं, झाडलोट यावर म्युनिसिपालिटी खर्च करते, आणि त्याच शहरात घरं बुडवणारी दुकानं वाढू देते, हे कसं? इतर धंद्यांवर पट्टी आहे, मग दारूच्या दुकानांवर का नाही? दारूवर उपदेश करणारे भाषणबाज तेव्हाही खूप होते, आजही आहेत. फुल्यांनी उपदेश करत बसण्यापेक्षा आकारणीचा मुद्दा काढला.

पुढं मंडईचा वाद आला. शनिवारवाड्यापुढं उघड्यावर भाजीवाले बसायचे. त्यांच्यासाठी पक्की, मोठी, डौलदार मंडई बांधायचं ठरलं. खर्च सुमारे तीन लाख रुपये. फुले आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शाळांत घाला, असं त्यांचं म्हणणं. भाजीवाल्यांत फुल्यांच्याच माळी समाजाची माणसं पुष्कळ होती, त्यांना गाळ्याचं भाडं जड जाणार होतं. मंडई झालीच. 1886 मध्ये सुरू झाली, गव्हर्नरचं नाव मिळालं, रे मार्केट. पन्नासेक वर्षांनी आचार्य अत्रे पुणे म्युनिसिपालिटीत गेले आणि त्यांच्या पुढाकारानं तिचं नाव महात्मा फुले मंडई झालं. ज्या इमारतीला विरोध केला तिलाच नाव मिळालं! आज आपल्या तालुक्यातला माल घेऊन पुण्याला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

मंडईच्या बाबतीत फुल्यांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. उघड्यावर, चिखलात बसणाऱ्या भाजीवाल्यांना निवारा हवाच होता. पण त्यांचा सवाल इमारतीवर नव्हताच, आधी काय आणि नंतर काय, यावर होता.

रुपयामागं आणा

शेतकऱ्याकडनं शेतसाऱ्याबरोबर रुपयामागं एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जायचा. हा पैसा त्याच भागातल्या शाळा, रस्ते यांसाठी होता. फुल्यांनी या एका आण्याचा पाठलाग आयुष्यभर सोडला नाही.

1882 साली इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर कमिशन नेमलं. 19 ऑक्टोबर 1882 ला फुल्यांनी त्यापुढं आपलं निवेदन दिलं. त्याचा सार असा: सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या कॉलेजांवर होतो. खेड्यातल्या पोराच्या वाट्याला काय येतं? म्हणून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली.

नुसती मागणी करून थांबले नाहीत. शाळा कशी असावी हे तपशिलात सांगितलं. मास्तराला पगार इतका कमी, की चांगला माणूस येत नाही. म्हणून निदान बारा रुपये द्या, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या. मास्तर शेतकरी वर्गातला असावा, नांगर धरायला, सुताराची किकरी धरायला लाज वाटणार नाही असा. मोडी आणि बाळबोध वाचणं-लिहिणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्य, एवढं शिकवावं. शाळेला जोडून नमुन्याचं शेत असावं.

एखाद्या सरकारी सेवेचा दर्जा तपासायचा कसा, याचा हा चांगला नमुना आहे. पैसा कुणाकडून येतो, जातो कुठं, खालच्या माणसाला किती पोचतो, काम करणाऱ्याला पगार पुरेसा आहे का आणि काम उपयोगाचं आहे का. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन वर्गांना एक शिक्षक असला की पालक आजही याच क्रमानं विचारतात. फरक इतकाच की आता माहितीचा अधिकार आहे, लोकसेवा हक्काचा 2015 चा कायदा आहे, दाखला किती दिवसांत मिळायला हवा हे ठरलेलं आहे. तेव्हा यातलं काहीच नव्हतं.

कमिशननं सक्तीचं शिक्षण काही दिलं नाही. ते फुल्यांच्या हयातीत आलंच नाही.

सुपे, इंदापूर आणि आसूड

आपल्या भागाचा या गोष्टीशी संबंध आता येतो. इंग्रजी अमलाच्या सुरवातीला प्रिंगल नावाच्या साहेबानं पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी करून सारा ठरवला. तो इतका जड पडला की लोकांनी जमिनी टाकल्या. मग 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी पुन्हा मोजणी केली. ती सुरू झाली ती आपल्या इंदापूर तालुक्यापासून! सारा कमी केला, तीस वर्षांसाठी बांधून दिला, पडीक जमिनी पुन्हा वहिवाटीला आल्या. सरकारनं आपली चूक कबूल करून दुरुस्त केली, असं क्वचित घडतं. तीस वर्षं संपल्यावर 1867 च्या सुमारास फेरआकारणी झाली आणि सारा पुन्हा चढला.

त्यातच कापसाचे भाव पडले, सावकाराचा फास आवळला. 12 मे 1875, सुप्याच्या बाजाराचा दिवस. तेव्हाचा भीमथडी तालुका. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. भर होता कर्जाचे कागद हिसकावून जाळण्यावर. तिथून हा वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारनं चौकशीला कमिशन नेमलं, 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. इतिहासाच्या पुस्तकात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. सुप्याच्या माणसाला त्यात दंगा कमी आणि नाइलाज जास्त दिसतो.

या सगळ्याच्या पाठोपाठ, 1883 मध्ये, फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहून पुरा केला. त्यात कचेरीत हेलपाटे घालणारा शेतकरी आहे. अर्ज लिहून घ्यायला पैसे, कारकुनाला पैसे, साक्षीदाराला पैसे, तारखेवर तारीख. वर बसलेला गोरा साहेब सुखात, त्याला खालचं काही दिसत नाही. मधला कामगार कागद आपल्याला हवा तसा रंगवतो. जंगलखात्यानं गायरानं, कुरणं आत ओढली, जनावरं चारायची कुठं? मिठावर कर, जकात, लोकल फंड, किती पट्ट्या!

सगळ्यात महत्त्वाचं पाण्याचं. फुले म्हणतात त्याचा मतलब असा: धरणं बांधली, कालवे काढले, पाण्याचा दर ठरवून वसूलही केला, पण शेतकऱ्याला पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढं पाणी मिळतं की नाही, याची जबाबदारी इंजिनिअर खातं घेत नाही. पीक वाळलं तर नुकसान शेतकऱ्याचं, खात्याचं काही जात नाही. त्यांनी सुचवलं की ज्याच्या त्याच्या जमिनीप्रमाणं पाण्याची तोटी करून द्या, म्हणजे कुणाचं पाणी कुणाला जाणार नाही. हे लिहिलं जात होतं तेव्हा आपला नीरा डावा कालवा खणला जात होता. 1885 च्या सुमारास त्यातून पाणी सुटलं आणि नंतर भाटघरचं धरण पुरं झालं. बारामतीचा ऊस, इंदापूरची बागायत, सगळं त्यानंतरचं. आणि तोटीचा प्रश्न? हेडला बसलेला पाणी उपसतो, टेलचा वाट बघतो, ही तक्रार आज आमच्या बातम्यांत दर उन्हाळ्यात असते.

तक्रारीबरोबर उपायही आहेत. रिकामे असलेले शिपाई-पोलीस लावून रानात ताली, बांध घाला, म्हणजे पावसाचं पाणी मुरेल. तळी-तलावातला गाळ पूर्वीसारखा शेतकऱ्याला फुकट नेऊ द्या. गावोगाव पाणाड्यांकडून झऱ्यांच्या जागा दाखवून घ्या. रानडुकरांपासून पीक राखायला हत्यार बाळगू द्या. शेतीची प्रदर्शनं भरवा, बक्षिसं द्या. जलयुक्त शिवार, गाळमुक्त धरण ही नावं आपण गेल्या काही वर्षांत ऐकली. पाणी मुरवणं आणि गाळ शेतात नेणं, ही कल्पना 1883 च्या पुस्तकातच आहे.

हे पुस्तक छापायलाही सोपं नव्हतं. दीनबंधू हे त्यांच्याच चळवळीचं पत्र, नारायण मेघाजी लोखंडे चालवायचे. त्यांनी पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढचं छापायला नकार दिला. सरकारची भीती होती. फुल्यांनी मग हस्तलिखित हातात घेऊन वाचनं सुरू केली. पुणे, मुंबई, ठाणे, हडपसर, जुन्नर, ओतूर. लोक जमायचे, हे वाचायचे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही ते ऐकलं.

फुल्यांची एक मर्यादाही इथं सांगायला हवी. त्यांचा भरवसा इंग्रज सरकारवर जास्त होता. खालचे कामगार लबाड, वरच्या साहेबाला खरं कळलं की तो सुधारेल, अशी आशा त्यांच्या बऱ्याच लिखाणात दिसते. साहेबाला बरंच काही कळत होतं आणि तरीही सारा वाढत होता. पण ज्यांनी हे सगळं बघून तोंड बंद ठेवलं त्यांच्यापेक्षा फुले कितीतरी पुढं होते.

2 मार्च 1888 ला पुण्यात राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. हिरे-माणकांनी मढलेले पाहुणे. त्यात फुले आले ते शेतकऱ्याच्या वेशात, पागोटं, खांद्यावर घोंगडी, पायात फाटक्या वहाणा. दारावर त्यांना अडवलं होतं, असं सांगतात. बोलायला उठले तेव्हा त्यांनी राजपुत्राला एवढंच सांगितलं, की इथं जमलेल्या लोकांवरून या देशाची पारख करू नका, खेड्यात जाऊन बघा, आणि गरिबाच्या शिक्षणाचं आईसाहेबांच्या कानावर घाला. दोन महिन्यांनी, 11 मे 1888 ला, मुंबईच्या सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली.

त्याच वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. डाव्या हातानं त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म हे शेवटचं पुस्तक लिहिलं. ठेक्यांत मिळवलेला पैसा शाळांत, आश्रमांत, चळवळीत गेला होता, औषधपाण्याची ओढाताण होती. सयाजीराव महाराजांनी मदत पाठवली. 28 नोव्हेंबर 1890 ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

आपल्याला जाळू नये, मिठात पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी घरामागं खड्डाही खणून ठेवला होता. पण राहत्या वस्तीत पुरता येणार नाही, म्हणून म्युनिसिपालिटीनं परवानगी दिली नाही. शेवटी दहन करावं लागलं. टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या आणि टिटवं हातात घेऊन अंत्ययात्रेच्या पुढं चालल्या.